मागच्या रांगेतला फ्रान्स

आमच्या शाळेत संस्कृतचे दोन भरगच्च वर्ग होते आणि फ्रेंचचं एक बाक. मॅट्रिकला मुलीने दुसरी भाषा कोणती घ्यायची हे घरचे ठरवत, आणि संस्कृत घेतलं की मार्कही मिळतात आणि पुण्यही, असं गिरगावातल्या घरांना वाटे. फ्रेंचच्या बाकावर येणाऱ्या चार-पाच जणी एक तर संस्कृतच्या शास्त्रीबुवांना भ्यालेल्या असत, नाही तर आगासकरबाईंच्या प्रेमात पडलेल्या. बाईंना दोन्ही चालत. “भिऊन या नाही तर आवडीने या, पण ओठ नीट करा,” असं त्या पहिल्याच दिवशी सांगत.

ओठ नीट करायचे म्हणजे शिट्टी वाजवताना करतो तसा चंबू करायचा आणि मग स्वर काढायचा. मुली घरी सराव करत. एकदा फणसवाडीतले एक पालक मुख्याध्यापिकांकडे तक्रार घेऊन आले. त्यांची मुलगी रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीकडे बघत चंबू करत होती, आणि समोरच्या इमारतीत कॉलेजातली मुलं राहत होती. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मग तिला मोरीत उभी करा. पण सराव चुकवू नका, परीक्षा जवळ आलीय.” पालक आले तसे परत गेले. मुलगी फ्रेंचमध्ये पहिली आली, अर्थात पाच जणींत.

मी त्या शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा बाईंची नजर बरीचशी गेलेली होती. काचबिंदू. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि बाईंनी ते मान्य केलं होतं. फळ्यावरची एक ओळ दुसरीवर चढायला लागली, तेव्हा कुणी सांगायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभात सगळ्या रडल्या, बाईंनी मात्र दोन वेळा बटाटेवडा मागून घेतला. पुढच्या वर्षापासून फ्रेंच बंद झालं आणि ते बाक शिवणाच्या वर्गात गेलं.

बाई पाठारे प्रभू. वडील फोर्टात सॉलिसिटरच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. “संस्कृत आपल्याकडे भटजी म्हणतात, तेवढं पुरे. तू फ्रेंच घे,” असं त्यांनी मुलीला सांगितलं आणि शिकवायला एक म्हातारी मडमीण ठेवली. ती मडमीण बाईंना व्याकरणापेक्षा गाणी जास्त शिकवून गेली. तेव्हापासून बाईंच्या मनात फ्रान्स जो शिरला तो शिरलाच. प्रत्यक्षात फ्रान्सच्या दिशेने त्या अपोलो बंदरापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्याची त्यांना खंत नव्हती. “तिथे गेले असते तर थंडी वाजली असती. इथे मला सगळं मिळतं,” असं त्या म्हणत.

हे ‘सगळं’ म्हणजे काय ते त्यांच्या ठाकुरद्वारच्या घरी गेलं की कळे. सकाळी मोठ्या वाडग्यात दूध घातलेली कॉफी आणि त्यात बुडवून खायला कोपऱ्यावरच्या इराण्याचा ब्रून पाव. पावाचा कडक पापुद्रा दाताखाली वाजला पाहिजे, नाही तर पाव परत जाई. दुपारी गॅलरीत ग्रामोफोन. एका फ्रेंच गायिकेच्या तबकड्या त्यांनी कुठून कुठून जमवल्या होत्या. घोगरा, भाजीवालीसारखा मोकळा आवाज, आणि मागे ॲकॉर्डियन. मला शब्द कळत नसत, पण बाई मध्येच सुई उचलून सांगत, “आता ती म्हणतेय, तू गेलास तर जा, पण जाताना दिवा मालवू नकोस.” आणि पुन्हा सुई ठेवत. शिवाय कोलंबीच्या भानोल्याला, म्हणजे त्या खरपूस भाजलेल्या तिखट केकला, वरून आणि खालून निखारे लागतात म्हणून प्रभूंचा आणि फ्रेंचांचा स्वयंपाक एकाच घराण्याचा, असा त्यांचा दावा होता. मी ब्राह्मणाची, तेव्हा त्या वादात मला मत नव्हतं, नुसता वास होता.

त्या सुमारास संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. गिरगावात आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा अश्रुधूर. शेजारचे एक गृहस्थ जिन्यात भेटले की बाईंना टोचत, “काय बाई, आम्ही मराठी राज्य मागतोय आणि तुमच्याकडे फ्रेंच गाणी?” बाई म्हणाल्या, “फ्रेंच माणसाचं त्याच्या भाषेवर जितकं प्रेम आहे तितकं तुमचं तुमच्या भाषेवर असतं, तर मोर्चा काढायची वेळच आली नसती. तुमच्या मुलाला कुठल्या शाळेत घातलंय?” मुलगा इंग्रजी शाळेत होता. त्यानंतर ते गृहस्थ जिन्यात खाली बघून चालू लागले.

बाईंच्या यजमानांचं नाव वसंतराव. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत बाई पाळत, पण ‘हे’ आणि ‘अहो’ही त्यांना आवडत नसे. त्या त्यांना सरळ ‘आगासकर’ म्हणत, जसं साहेब कारकुनाला म्हणतो तसं. वसंतराव होतेही कारकूनच, बॅलार्ड पिअरला मालाच्या क्लिअरिंग एजंटकडे. बोटीतून उतरलेली पेटी उघडायची, आत काय आलं, कुठल्या अवस्थेत आलं, काय फुटलं, हे बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, दुसरा माणूस लिहून घेई. पंचवीस-तीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. घरी आले की म्हणत, “पापलेट. दोन. ताजी.” झालं संभाषण.

अशा माणसाची बायकोला एक फार मोठी गरज होती, ती रविवारी सकाळी. दादरला एका हॉलमध्ये आमच्या ओळखीच्या काही मंडळींचं चित्रपट मंडळ चाले. वकिलातींकडून परदेशी चित्रपट आणून दाखवत. फ्रेंच चित्रपट असला की आगासकर जोडपं ट्रामने दादरला येई आणि शेवटच्या रांगेत भिंतीकडेला बसे. दिवे गेले की त्यांचं काम सुरू होई. पडद्यावर काय दिसतंय ते वसंतराव हळू आवाजात सांगत आणि पात्रं काय बोलतायत ते बाई त्यांना मराठीत सांगत. त्यांना फ्रेंच येत नव्हतं, यांना दिसत नव्हतं. दोघांचं मिळून एक तिकीट पुरलं असतं, असं मंडळाचे चिटणीस सबनीस गमतीने म्हणत.

सुरुवातीला लोकांनी ‘शूः’ केलं. सबनीसांनी येऊन दोघांना समजही दिली. पण पुष्कळदा चित्रपटाच्या प्रतीवर इंग्रजी ओळी नसत आणि मग हॉलमध्ये कथा कळणारं माणूस एकच, शेवटच्या रांगेत भिंतीकडेला. हळूहळू शेवटून दुसरी रांग आधी भरू लागली. पुढे तर सबनीस स्वतःच तिथे येऊन बसत आणि मान मागे करून ऐकत.

वसंतरावांचं सांगणं म्हणजे पेटी उघडल्यासारखं. “खोली. लहान. टेबल एक, खुर्च्या तीन. एक मोडकी. बाई उभी, कोट अंगात, बटणं लावलेली. खिडकी उघडी.” त्यात ‘बिचारी’ नाही, ‘रागावलेली’ नाही, काही नाही. बाईंना हेच हवं असे. “ती रागावलीय हे मला तिच्या आवाजावरून कळतं. कोटाची बटणं लावलीयत हे मला कोण सांगणार?” असं त्या मला म्हणाल्या होत्या. बटणं लावलीयत म्हणजे ती थांबणार नाही, हे त्या स्वतःच ठरवत. त्यांचे निम्मे सिनेमे असे त्यांनी स्वतः बसवलेले असत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

एका वर्षी मंडळाने बाईंना भाषणाला बोलावलं. मीही गेले होते. तोवर मी मंडळाचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता, त्यामुळे मला सगळंच नवीन. बाई न अडखळता बोलल्या. फ्रेंच सिनेमाचं मोठेपण त्याच्या संयमात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन माणसांचं बोलणं अगदी कळसाला पोचतं आणि मग दोघं गप्प होतात. दुसरा कुणी असता तर त्याने तिथे गाणं घातलं असतं. फ्रेंच दिग्दर्शक तिथे काय करतो? तो खिडकीचा पडदा दाखवतो, पाण्याचा जग दाखवतो, भिंतीवरचं घड्याळ दाखवतो. मिनिट मिनिट दाखवतो. माणसांना एकटं सोडून वस्तूंकडे बघायचं, ही सभ्यता आपण त्यांच्याकडून शिकावी, असं म्हणून बाई खाली बसल्या.

टाळ्या पडल्या, पण जरा विचित्र पडल्या. कुणी खोकत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. सबनीसांनी आभार मानताना “अत्यंत… अत्यंत वेगळी दृष्टी” एवढंच म्हटलं आणि लगेच दृष्टी हा शब्द तोंडून गेल्याबद्दल ओशाळले. वसंतराव पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, बायकोचं कौतुक झालं की लाजणाऱ्यातले असतील.

मग तो दिवस आला. आंदोलनात लोक रोज जथ्याजथ्याने अटक करून घेत होते. वसंतराव कधी सभेला गेलेले कुणी पाहिले नव्हते. एका संध्याकाळी ते घरी आले, कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, “उद्या पकडून घेणार आहे. डबा नको.” बाई सांगत, त्यांना वाटलं ते थट्टा करतायत, पण आगासकर थट्टा करत नाहीत हे आठवून त्यांनी रात्री त्यांचे कपडे काढून ठेवले. मॅजिस्ट्रेटने विचारलं, तुमचं म्हणणं काय? वसंतराव म्हणाले, “मुंबई महाराष्ट्रात आहे. मी रोज बघतो.” दंड भरायला नकार दिला आणि काही आठवड्यांसाठी आत गेले. सगळ्या ठाकुरद्वारात त्या एका वाक्याचं कौतुक झालं.

बाईंनाही अभिमान वाटला, त्यांनी पेढे वाटले. पण त्याच आठवड्यात सबनीसांचा निरोप आला. बाईंच्या तबकड्यांवरची ती गायिका ज्यात नायिका झाली होती, तो चित्रपट मुंबईत आला होता. एकच खेळ, येत्या रविवारी, आणि सोमवारी डबे मद्रासला जाणार. ओळी नाहीत.

मी गेले तेव्हा बाई गॅलरीत येरझारा घालत होत्या. मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं, नजर गेली तेव्हाही नाही.

“अगं लीला, इतकी वर्षं मी हिला ऐकतेय. ही दिसते कशी, उभी कशी राहते, मला ठाऊक नाही. आणि नेमके आगासकर तुरुंगात!”

“मी येते ना बाई,” मी म्हटलं. “मी सांगेन.”

“तुला जमेल?”

“मी भूगोल शिकवते. दाखवून सांगणं हेच माझं काम.”

“मला नकाशा नको हं,” बाई म्हणाल्या, पण त्यांनी माझा हात घट्ट धरला.

रविवारी आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. पुढच्या रांगेत सबनीस आणि मंडळी आधीपासून माना मागे करून तयार. चित्रपट एका बंदरगावातला होता. नायिका एक खानावळ चालवते आणि पूर्वी तिला सोडून गेलेला खलाशी परत येतो. पहिल्यांदा ती पडद्यावर आली तेव्हा माझी जीभच अडखळली. “बाई, ती… बुटकी आहे. काळा झगा. केस विस्कटलेले. हात कमरेवर. देखणी नाहीये.”

“नाहीच असणार,” बाई समाधानाने म्हणाल्या. “देखणीचा आवाज असा नसतो. पुढे.”

माझी गाडी बरी चालली होती. मी उत्तरेला दार, पश्चिमेला समुद्र असं सांगायला लागले, तेव्हा बाईंनी “उत्तर कुणी सांगितली तुला?” म्हणून चिमटा काढला. मी डावं-उजवं सुरू केलं. त्या मला संवाद सांगत होत्या, मी त्यांना खोल्या सांगत होते. खलाशी परत आला, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ती त्याला जा म्हणाली, तो दारापर्यंत गेला, परत फिरला. आणि दोघं गप्प झाले.

बाई थांबल्या. मीही थांबले.

“काय दिसतंय?”

“ते… जवळ आलेत.”

“किती?”

“खूप.”

“मग पुढे? पडदा? घड्याळ?”

मी पडद्यावर घड्याळ शोधलं. घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी दिसलं नसतं, कारण सगळा पडदा त्या दोघांच्या चेहऱ्यांनी भरला होता. माझे कान तापले. मी तेव्हा बिनलग्नाची, आजूबाजूला सगळे परके पुरुष, आणि तो शब्द मी आयुष्यात कधी मोठ्याने उच्चारलेला नव्हता. पण सांगायचं कबूल केलं होतं.

“बाई, ते चुंबन घेतायत.”

ठरवलं होतं त्यापेक्षा मोठ्याने निघालं. चार माना वळल्या.

“कोण?” बाई म्हणाल्या.

“दोघं.”

“एकमेकांचं?”

“बाई, दुसऱ्या कुणाचं घेणार?”

पुढे कुणीतरी फसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. पुढे चित्रपटात आणखी दोनदा अशी शांतता आली. दोन्ही वेळा बाईंनी नुसतं “तेच?” विचारलं आणि मी “तेच” म्हटलं. शेवटी शेवटी त्यांनी संवाद सांगणं सोडून दिलं, त्यामुळे खलाशी राहिला की गेला ते शेवटून दुसऱ्या रांगेला धड कळलं नाही.

दिवे लागल्यावर बाईंनी सबनीसांना हाक मारली. सबनीस आले.

“सबनीस, मागे तुम्ही तो कालव्यावरचा सिनेमा दाखवलात. त्यात पुलाखाली दोघं गप्प उभी असतात. काय होतं तेव्हा?”

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

“बाई… तेच.”

“आणि तो शिक्षिकेचा? जिन्यात?”

“तेच.”

“आणि मी भाषण केलं तेव्हा हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं.”

“भाषण फार सुंदर झालं होतं, बाई,” सबनीस काकुळतीने म्हणाले, आणि खरं सांगायचं तर ते झालंही होतं.

आम्ही इराण्याकडे जाऊन बसलो. मला वाटलं होतं बाई हसत सुटतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चहाला हात लावला नाही.

“डोळे गेले ते देवाने नेले, त्याला कोण काय म्हणणार,” त्या म्हणाल्या. “पण जे उरलं ते आगासकर मला तांदूळ निवडावेत तसं निवडून देत होते. मला न विचारता. मी काही लहान मूल आहे? मला खडे हवे होते गं. माझे होते ते.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. या बाईला मी त्या एकाच दिवशी रडताना पाहिलं.

वसंतराव सुटले तेव्हा वाडीतल्या लोकांनी त्यांना हार घालून, घोषणा देत घरापर्यंत आणलं. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ने जिना दणाणत होता. बाई निरांजन घेऊन दारात उभ्या. त्यांनी ओवाळलं, हाताने चाचपून कपाळाला कुंकू लावलं, आणि सगळ्या गर्दीसमोर विचारलं, “पुलाखाली तेव्हा पाण्यात बोट हलत होती, असं म्हणाला होतात ना?”

गर्दीला वाटलं, हे काहीतरी चळवळीतलं गुप्त असेल. वसंतरावांना एका क्षणात सगळं कळलं. त्यांचा चेहरा हारातल्या गुलाबासारखा झाला.

“हलत होती,” ते म्हणाले. “बोटही हलत होती.”

हा त्यांचा बचाव होता आणि पुढे त्यांनी तो कधी सोडला नाही. त्यांनी सांगितलेला प्रत्येक पडदा, प्रत्येक जग, प्रत्येक घड्याळ तिथे होतं. एकही वस्तू त्यांनी पदरची घातलेली नव्हती. फक्त पेटीतला एक नग त्यांनी दर वेळी वाचलाच नव्हता. बाईंना हा बचाव मान्य नव्हता. “आगासकर, एवढे दिवस तुरुंगात राहिलात ते कशासाठी? खरं काय ते तोंडावर सांगितलंत म्हणून. मॅजिस्ट्रेटला सांगता येतं, मला नाही?”

बाईंनी त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं बंद केलं. काही रविवार मी त्यांना घेऊन गेले, पण माझं सांगणं त्यांना रुचेना. मी सगळं सांगत होते, काही गाळत नव्हते, तरी नाही. “तू मला गोष्ट सांगतेस,” त्या म्हणाल्या. “गोष्ट मला ऐकू येते. मला खोली हवी. तुझ्या खोलीत बसायला खुर्चीच नसते.” एकदा तर त्यांनी अर्ध्यातून घरी जाऊ या म्हटलं. मग त्यांनी दादरला यायचंच सोडलं. ग्रामोफोनवरही धूळ दिसू लागली. सबनीस दोनदा ठाकुरद्वारला जाऊन आले, कोलंबीचं भानोलं खाऊन आले, पण बाई काही आल्या नाहीत. मंडळाची शेवटची रांग रिकामी राहू लागली आणि ओळी नसलेले फ्रेंच चित्रपट लोक मुकाट्याने, काही न कळता बघू लागले.

एका दुपारी शाळा सुटल्यावर वसंतराव मला फाटकाशी उभे दिसले. हातात छत्री, अंगात कोट. मला वाटलं, बाईंचं काही बरंवाईट झालं.

“एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही तो शब्द कसा काय उच्चारलात?”

“कुठला?”

ते नुसते बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं.

“उच्चारला कुठे, निघून गेला तोंडातून,” मी म्हटलं.

“मी घरी प्रयत्न केला. ही देवळात गेली होती तेव्हा. भिंतीकडे तोंड करून. येत नाही.” त्यांनी छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. “आमच्याकडे तसलं बोलायची पद्धत नव्हती. लग्न झालं तेव्हाही नव्हती. आणि पडद्यावर ते सुरू झालं की मला वाटायचं, आता हिला हे मी सांगायचं, म्हणजे जसं काही… मीच.” वाक्य पुरं झालं नाही. छत्री या हातातून त्या हातात गेली. “तिला रविवारी करमत नाही. नुसती बसते. पावही वाजतो की नाही बघत नाही.”

या माणसाने माझ्याशी एका दमात इतकं बोलण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. मला त्यांची फार दया आली आणि थोडं हसूही येत होतं. मी म्हटलं, “शब्दच हवा असं थोडंच आहे? बाईंना काय चाललंय ते कळलं म्हणजे झालं.” त्यांनी मान हलवली, “बघतो” म्हणाले आणि ट्रामच्या थांब्याकडे गेले.

त्यानंतर काय झालं, कोणी कोणाची समजूत घातली, मला ठाऊक नाही. विचारण्याइतकी मी धीट नव्हते. महाराष्ट्राचं राज्य झालं, गिरगावात गुढ्या उभारल्या, दिवे लागले. माझंही लग्न ठरलं आणि मी नाशिकला जाणार हे नक्की झालं. जायच्या आधीचा रविवार मोकळा होता म्हणून मी सहज दादरला मंडळाच्या खेळाला गेले. ओळी नसलेला फ्रेंच चित्रपट. मी आत गेले तर शेवटून दुसरी रांग गच्च भरलेली, आणि तिच्यामागे भिंतीकडेला आगासकर पती-पत्नी. बाईंनी हिरवी रेशमी साडी नेसलेली, केसांत अबोली. मला त्यांच्याच रांगेत टोकाची खुर्ची मिळाली. तेवढ्यात दिवे गेले, म्हणून मी हाक मारली नाही.

सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. “स्टेशन. बाकं रिकामी. बाई बसलेली, हातात पिशवी. पिशवीत पाव.” “ती म्हणतेय, मी वाट बघितली नव्हती.” “पुरुष आला. टोपी काढली.” “तो म्हणतोय, खोटं.” मग बोलणं संपलं आणि शांतता आली. पुढच्या रांगेतल्या माना जरा ताठ झाल्या.

वसंतरावांनी घसा साफ केला.

“आता,” ते म्हणाले.

बाईंनी काही विचारलं नाही. त्या सरळ पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या. थोड्या वेळाने वसंतराव म्हणाले, “झालं,” आणि लगेच, त्याच आवाजात, “टोपी खाली पडली. पावसाने भिजलीय.” बाईंनी मान डोलावली. “ती म्हणतेय, तुझी टोपी,” त्यांनी सांगितलं, आणि चित्रपट पुढे सरकला.

शेवटाकडे पुन्हा एकदा तसंच झालं. शब्द थांबले, मागे ॲकॉर्डियन हळू वाजू लागलं. “आता,” वसंतराव म्हणाले. मी त्या दोघांकडे बघत होते. वसंतराव पडद्याकडे बघत नव्हते. ते बाईंकडे बघत होते. मी पडद्याकडे पाहिलं तर तिथलं सगळं केव्हाच आटपलं होतं. तो पुरुष एकटाच लांबच लांब रस्त्याने चालला होता, पाठमोरा, लहान लहान होत. ॲकॉर्डियनमागून त्याच्या बुटांचा आवाज मला टोकाच्या खुर्चीवर स्पष्ट येत होता, आणि बाईंचे कान माझ्यापेक्षा किती तरी तिखट.

“अजून?” बाईंनी विचारलं.

“अजून,” वसंतराव म्हणाले.